अंधेरीच्या रूफटॉप बारमध्ये गेलेले माझे ३९,९७९ रुपये

डेटिंग अ‍ॅपवर ओळख, तिनेच सुचवलेला बार आणि शेवटी छाती दडपवणारं बिल. हा प्रकार तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होता. ऑफिसमधल्या एका धाकट्या सहकाऱ्याला मीच यावरून सावध केलं होतं. तरीही मागच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी मी ३९,९७९ रुपये मोजून आलो. घरी अजून सांगितलेलं नाही. लाज वाटते. पण गप्प बसलो तर पुढच्या शनिवारी दुसरा कोणीतरी त्याच खुर्चीत बसेल, म्हणून लिहितोय.

मी मुंबईत नवखा नाही. बारा वर्षं झाली. लोअर परळ, वांद्रे, जुहू, सगळीकडच्या गच्च्यांवर बसलोय. त्या दिवशीही खारला साडेआठचं टेबल मी स्वतः बुक केलं होतं. अंधेरी स्टेशनबाहेर भेटल्यावर ती म्हणाली, "आत्ता खारला जायचं म्हणजे तासभर ट्रॅफिक. इथे लिंक रोडला एक छान रूफटॉप आहे." ती स्वच्छ मराठी बोलत होती, नाशिकची, गंगापूर रोडची म्हणाली. माझं आजोळ नाशिकचं. तिथेच मी सैल पडलो. फोन करून बुकिंग रद्द केलं. जागा तुम्ही ठरवली असेल तर ती बदलू नका. समोरची व्यक्ती हटून बसली तर नमस्कार करून घरी जा.

वर पोचलो. चौथा मजला, प्लास्टिकचं गवत, दिव्यांच्या माळा. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलमधल्या रूफटॉप पबला आग लागली, १४ माणसं गेली. तेव्हापासून गच्चीवरच्या बारमध्ये शिरलो की मी आधी दुसरा जिना शोधतो. त्या रात्रीही शोधला. जिना होता, दाराला कुलूप होतं आणि दारापाशी दोन दांडगे बाउन्सर उभे होते. मला वाटलं, सुरक्षेला असतील.

आणि आता ती गोष्ट, जी आठवली की आजही झोप उडते. शनिवारची रात्र, अंधेरी, पावणेनऊ. अशा वेळी कुठल्याही बऱ्या बारमध्ये ऑफिसचे घोळके असतात, कोणाचा तरी वाढदिवस असतो, कोणी गच्चीच्या कडेला उभं राहून फोटो काढत असतं. इथे फक्त चार टेबलं भरलेली. चारही टेबलांवर एक मुलगा आणि एक मुलगी. चारही मुलींपुढे तेच निळं कॉकटेल. मी हे पाहिलं. डोळ्यांनी स्पष्ट पाहिलं आणि मनात म्हणालो, बरं झालं, शांत जागा मिळाली. तेव्हाच उठायला हवं होतं. खाली उतरून रिक्षा पकडली असती तर एक रुपया गेला नसता.

मेन्यू कार्ड माझ्यापर्यंत आलंच नाही. वेटरने ते तिच्या हातात दिलं, तिने न उघडता "दोन स्पेशल शॉट" सांगितले. कॉकटेलची किंमत विचारायला मला संकोच वाटला. पहिल्याच भेटीत चिकट दिसू नये, एवढंच. कोणालाही वाटलं असतं. तुम्ही मात्र विचारा, प्रत्येक ग्लासला विचारा, आणि किमती नसलेलं कार्ड आलं तर पाणीसुद्धा मागवू नका. तिने सहा शॉट घेतले आणि बोलण्यात जराही फरक नाही. ग्लासात रंगीत सरबत असणार, दुसरं काय!

सव्वादहाला "आईचा फोन आलाय" म्हणून ती उठली. पाच मिनिटांत बिल आलं. माझ्या दोन पाइंट बिअर १,३००. तिचे सहा शॉट १४,४००. दोन निळी कॉकटेल ६,४००. दोन ग्लास वाइन ७,२००. चीज प्लॅटर २,९५०, फ्राइज ८९०, पाणी ३५०. वर व्हॅट आणि जीएसटी, शिवाय १० टक्के सर्व्हिस चार्जचे वेगळे ३,३४९. हा चार्ज बिलात परस्पर लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं बजावलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलंय. मी हे बोललो. मॅनेजर म्हणाला, "सर, भर दो, फिर बात करते हैं." बाउन्सर जिन्यावरून टेबलापाशी आले होते. कोणी हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

१५,००० यूपीआयने, २४,९७९ क्रेडिट कार्डने. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव आलं ते बारचं नव्हतं, कुठल्याशा ट्रेडर्सचं होतं. तो स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. तिच्याशी झालेलं चॅट मात्र नाही, कारण खाली येईपर्यंत तिने अनमॅच केलं होतं आणि सगळं गायब. भेटायला निघायच्या आधीच चॅटचे स्क्रीनशॉट काढून ठेवा.

त्याच रात्री पोलीस चौकी गाठली. "साहेब नाहीत, सकाळी या." सकाळी गेलो तर, "तुम्ही प्यायलात ना? बिल आहे ना? मग फसवणूक कसली?" मारलं का, विचारलं. नाही म्हटल्यावर पेनसुद्धा खाली ठेवलं. मग हद्द आमची नाही म्हणून दुसऱ्या ठाण्यात पाठवलं. हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर नोंदवता येतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ आहे, धमकावून पैसे काढण्याला ३०८ आहे. हे सांगितल्यावर उत्तर मिळालं, "वकील आहात का?" दुसऱ्या ठाण्यात तर एकाने समजुतीच्या सुरात सांगितलं की ती उलट विनयभंगाची तक्रार देईल, विचार करा. म्हणजे लुटला गेलेला मी आणि भीतीही मलाच! तीन खेपा, दोन रजा, आणि हाती काय, तर एका अर्जावर आवक शिक्का. सीसीटीव्हीचं फुटेज आधी ताब्यात घ्या, ते काही दिवसांत पुसलं जातं, असं हात जोडून सांगितलं. सोळा दिवसांनी कळलं, बारवाला म्हणतो कॅमेरा बंद होता. झालं, विषय संपला. बँकेचं म्हणणं, पिन तुम्हीच टाकलात. अ‍ॅपकडून दोन ओळींचा आभाराचा मेसेज.

पैसे भरायच्या आधी, टेबलावरूनच पोलीस मदतीचा ११२ नंबर लावा. मी तो लावला नाही, कारण चार लोकांसमोर तमाशा नको वाटला. बिलाची छापील प्रत मागून घ्याच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार घाला, सर्व्हिस चार्जपुरती तरी.

माझा अर्ज एकट्याचा आहे म्हणून तो हलत नाही, असं मला तोंडावर सांगितलंय. त्या रात्री पलीकडच्या टेबलावर पांढऱ्या शर्टातला, चष्मा लावलेला एक मुलगा होता. मी जिना उतरत होतो तेव्हा त्याच्या टेबलावर बिलाची काळी फाइल आली होती आणि त्याच्या समोरची खुर्ची रिकामी होती. मी थांबलो नाही, याची मला शरम वाटते. मित्रा, तू हे वाचत असशील तर तुझं बिल फाडू नकोस. माझं जपून ठेवलंय. सोबत जाऊ.