लंडनचं सायन्स म्युझियम, सोबत लहान मूल: तळघरातलं ‘गार्डन’ की तिसऱ्या मजल्यावरची ‘वंडरलॅब’?

साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियममध्ये मूळ प्रवेश फुकट आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. (तरी वेळेचं मोफत तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवावं.) खरा प्रश्न आत गेल्यावर पडतो. हात लावून खेळायच्या मोठ्या जागा दोन: तळघरातलं ‘गार्डन’, तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, फुकट, आणि तिसऱ्या मजल्यावरची ‘वंडरलॅब’, साधारण सात ते चौदा वर्षांच्या मुलांच्या बेताने केलेली, वेगळ्या तिकिटाची. तिथे मोठ्यांनाही तिकीट पडतं. मूल सात वर्षांचं झालेलं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, सरळ वर जा. घोळ होतो तो चार ते सहा वर्षांच्या मुलांचा, कारण वरची जागा त्यांनाही खुणावते.

वंडरलॅब उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. 2016 मध्ये सुरू झालेल्या या दालनात पन्नासहून अधिक प्रयोग मांडले आहेत: प्रकाश, ध्वनी, वीज, बल, पदार्थ, अवकाश आणि गणित. तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांच्या घसरगुंड्या शेजारी शेजारी आहेत. तिन्हींचा उतार सारखा, घर्षण वेगळं, त्यामुळे वेगही वेगळा. बसून सूर्याभोवती फिरता येईल अशी मोठी सूर्यमाला आहे. डोळ्यांसमोर वीज कडाडते. ‘केमिस्ट्री बार’वर कोरड्या बर्फाचे प्रयोग होतात. कोरडा बर्फ म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड. तो उणे 78 अंशांच्या आसपास असतो आणि न वितळता सरळ वायू होतो, हे आठ वर्षांच्या मुलाला तिथे पाच मिनिटांत कळतं.

चार वर्षांच्या मुलाला मात्र घसरगुंडीच दिसते, घर्षण नाही. त्यात वाईट काही नाही. ते दहा वेळा घसरेल आणि अकराव्यांदा रांगेत उभं राहील. बाकीच्या बऱ्याच प्रयोगांत ‘आधी हे करा, मग तिकडे बघा’ असा क्रम असतो आणि तो पाळण्याइतका धीर या वयात नसतो. शिवाय प्रात्यक्षिकं इंग्रजीत, तीही ब्रिटिश उच्चारांत आणि भरभर. मूल मराठीत वाढलेलं असेल तर आईबाबा शेजारी उभं राहून भाषांतर करत बसतात आणि तोवर धूर विरून गेलेला असतो.

गार्डनला भाषाच लागत नाही. नावावर जाऊ नका, बाग-बिग काही नाही. मुख्य आकर्षण पाण्याचं. वाहत्या पाण्याचे पाट, अडवायला बांध, सोडायला होड्या. बांध घातला की मागे पाणी चढतं, उचलला की होडी सुटते. आपल्याकडे शेतात दारं धरतात तोच उद्योग, फक्त कमरेच्या उंचीवर. शिवाय ठोकळ्यांचं बांधकाम, वाजवून बघायच्या वस्तू, सावल्या आणि आरशांचा खेळ. मोठ्यांनी सोबत थांबायचं असतं, पण करायचं काही नसतं, आणि तेच बरं.

पाण्याजवळ अंगावर चढवायला एप्रन मिळतात. ते छाती-पोट वाचवतात, बाह्या नाही. पाटात हात घातला की पाणी मनगटावरून कोपरापर्यंत शोषलं जातं, आणि लंडनच्या साध्या वाऱ्यातही ओल्या बाहीने मूल कुडकुडतं. म्हणून पाण्याकडे वळण्याआधीच स्वेटर आणि लांब बाह्यांचा शर्ट काढून अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांवर एप्रन घाला. पिशवीत एक पूर्ण कोरडा जोड, दोन जोडी मोजे आणि ओलं भरायला प्लास्टिकची पिशवी हवीच. मोज्यांचा एक जोड पुरत नाही. जमिनीवर सांडलेलं पाणी आधी पायाला लागतं, बाहीला नंतर.

आता वेळेचं गणित. बहुतेक तुलनांमध्ये ते राहूनच जातं. शाळेच्या दिवसांत इंग्लंडमधल्या शाळांच्या सहली सकाळी येतात आणि दुपारी दोनच्या सुमाराला परतू लागतात. त्यामुळे वंडरलॅब मोकळी मिळते ती दुपारनंतर. पण भारतातून दोन-चार दिवसांपूर्वी उतरलेल्या मुलाचं घड्याळ उन्हाळ्यात साडेचार तास पुढे असतं (हिवाळ्यात साडेपाच). लंडनचे तीन म्हणजे त्याच्या पोटाचे आणि डोळ्यांचे साडेसात. वरचं दालन निवांत होतं नेमक्या त्याच वेळी मूल किरकिर सुरू करतं. उलट सकाळी दहाला म्युझियम उघडतं तेव्हा त्याचे अडीच वाजलेले असतात, म्हणजे पोट भरलेलं असेल तर खेळायला अगदी योग्य वेळ. दहाला आत, थेट तळघरात, हा बेत सहसा चुकत नाही.

तरीही माझं पारडं गार्डनकडे झुकवणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती ना वंडरलॅबची चूक आहे ना तिकिटाच्या आकड्याची. ती आपली आहे: ‘पैसे वसूल’. पौंडांचे रुपये मनातल्या मनात झाले की चार जणांच्या तिकिटांचा आकडा डोक्यात बसतो, आणि मग मूल एका प्रयोगापाशी वीस मिनिटं रमलं की बाबा म्हणतात, ‘चल, अजून किती बघायचंय!’ हात लावून शिकायच्या जागेत मूल एकाच गोष्टीपाशी रमणं हीच खरी कमाई, आणि वसुलीच्या नादात तिथूनच त्याला ओढून नेलं जातं. फुकट दालनात ही घाई कुणाला सुचतच नाही. तासभर एकच बांध घातला-उचलला तरी कुणाचं काही बिघडत नाही. ज्यांना ही सवय नाही त्यांच्यासाठी हा मुद्दा बादच. आपल्या घरांत मात्र ती आजीआजोबांपासून उतरलेली असते, असं निदान मला तरी दिसतं.

चार वर्षांचं आणि नऊ वर्षांचं अशी दोन मुलं असतील तर कुटुंबाची सरळ फाळणी करा. एक मोठं माणूस नऊ वर्षांच्याला घेऊन वर, दुसरं खाली. सगळ्यांनी मिळून वर जायचा आग्रह धरला तर धाकट्याच्या मागे धावण्यात थोरल्याचं तिकीट वाया जातं. थोरल्याला खाली नेलं तर दहा मिनिटांत ‘बोअर होतंय’ सुरू. दुपारच्या डब्याला सगळे तळघरात भेटा, तिथे स्वतःचं खाणं खायची जागा आहे. पोळीचे रोल किंवा दशम्या सोयीच्या. रस्सा-आमटी नको, कारण ओल्या हातांच्या मुलाकडून ती सांडणारच.

जायला भुयारी रेल्वेची पिकॅडिली लाइन सोयीची. हीथ्रो विमानतळ आणि पश्चिम लंडनमधल्या हाउन्स्लोकडून गाडी न बदलता साउथ केन्सिंग्टन येतं. स्टेशनातून 1885 पासूनचा भुयारी रस्ता म्युझियमांकडे जातो आणि पावसात तो वरदान वाटतो, पण वर यायला पायऱ्या आहेत. बाबागाडी असेल तर वरच्या एक्झिबिशन रोडनेच चाला, पाचेक मिनिटांचा रस्ता आहे. मे महिन्याच्या अखेरचा आठवडा शक्यतो टाळा, तेव्हा इंग्लंडच्या शाळांना सुट्टी असते आणि तळघरही गजबजतं. तोच आठवडा वाट्याला आला असेल तर दहाच्या ठोक्याला दारात हवंच, आणि पाण्याकडे आधी जा. ठोकळे बाराला गेलं तरी मोकळे सापडतात, पाट नाही.