दूरच्या वाटेसाठी हवेचा पंप: बाजारातले तीन प्रकार आणि त्यांतला घेण्यासारखा एक

अमेरिकेच्या डेथ व्हॅलीतल्या रेसट्रॅक प्लायावर, म्हणजे एका कोरड्या तळ्याच्या सपाट तळावर, दगड सरकल्याच्या लांबलचक खुणा आहेत. रात्री गोठलेल्या पाण्याचे पातळ पापुद्रे उन्हानं फुटतात आणि हलक्या वाऱ्यासोबत दगडांना ढकलत नेतात, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उलगडलं. ते पाहायला उबेहेबे विवरापासून सुमारे ४३ किमी कच्च्या रस्त्यानं जावं लागतं. त्यावरची खडी धारदार असल्यामुळे तिथे टायर पंक्चर होणं नेहमीचंच. नामिबियात डेडव्लेईची वाळलेली झाडं बघायची तर सोसुसव्लेईच्या अलीकडे डांबरी रस्ता संपतो आणि शेवटचे सुमारे ५ किमी भुसभुशीत वाळूतून काढावे लागतात. ऑस्ट्रेलियातल्या बंगल बंगलच्या नारिंगी-काळ्या पट्ट्यांच्या घुमटांकडे नेणारी ५३ किमीची वाट तर फक्त फोर-बाय-फोरसाठी, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

तिन्हीकडे टायरमधली हवा कमी-जास्त करता येणं ही चैन नाही, गरज आहे. म्हणून १२ व्होल्टच्या पंपांचा हा आढावा. कंपन्यांची नावं बाजूला ठेवली आहेत, कारण एकाच घडणीचे पंप वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. फरक पडतो तो प्रकारानं.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१५० पीएसआय’ लिहिलेलं असतं (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक). त्याकडे दुर्लक्ष करा. गाडीच्या टायरला ३०-४० पीएसआयच्या पुढे क्वचितच जावं लागतं. पाहायचं ते हे: ३० पीएसआयच्या दाबाविरुद्ध पंप मिनिटाला किती लिटर हवा ढकलतो, किती अँपिअर ओढतो, आणि सलग किती वेळ चालवता येतो. पहिला आकडा बहुतेक कंपन्या लपवतात आणि दाब शून्य असतानाचा छापतात. प्रत्यक्षात तो बराच खाली येतो.

हिशेब करून पाहू. फोर-बाय-फोरच्या मोठ्या टायरमध्ये साधारण ७० लिटर जागा असते. तो १८ वरून ३६ पीएसआयवर न्यायला बाहेरची सुमारे ८५ लिटर हवा आत कोंबावी लागते. लायटर सॉकेटमध्ये लागणारा छोटा पंप दाबाविरुद्ध मिनिटाला १०-१२ लिटर देत असेल, तर एका चाकाला सात-आठ मिनिटं आणि चार चाकांना अर्धा तास. पण असे पंप १०-१५ मिनिटांतच थंड करावे लागतात, त्यामुळे खरा वेळ तासावर जातो. सॉकेटचा फ्यूज सहसा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. पंप गरम होऊन अडखळला की फ्यूज उडतो, आणि त्याच सॉकेटवर फोन चार्ज होत असेल तर नकाशाही गेला. हा पंप शहरातल्या छोट्या गाडीसाठी ठीक. वाळूच्या प्रवासाला तो एकटा पुरणार नाही.

दुसरा प्रकार आत बॅटरी असलेला, हातात मावणारा. हवा तो तितका दाब आधी ठरवून देता येतो आणि तिथे पोहोचल्यावर पंप आपोआप थांबतो. हळूहळू हवा जाणाऱ्या चाकाला वेळच्या वेळी टेकू द्यायला उत्तम. पण आतल्या सेलची साठवण साधारण २५ वॅट-तासांच्या आसपास असते. वरच्या हिशेबातली दोन चाकं झाली की तो मान टाकतो, आणि कडाक्याच्या थंडीत त्याही आधी. जोडीला ठेवा, पण भिस्त त्याच्यावर नको.

आमची पसंती तिसऱ्याला: थेट गाडीच्या बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा, २५-३० अँपिअरचा, एका सिलिंडरचा धातूचा पंप. दाबाविरुद्ध मिनिटाला ३० लिटरच्या आसपास देणारा मिळाला, तर मोठं चाक तीन मिनिटांत भरतं. दोन सिलिंडरचा आणखी झपाट्यानं भरतो, पण तो जड असतो, ४५ अँपिअरच्या वर ओढतो आणि डिकीत जागा खातो. गाड्यांचा ताफा नसेल तर त्याची गरज नाही.

घेताना दुकानातच नळी ताणून बघा. इंजिनजवळ पंप ठेवून ती मागच्या चाकापर्यंत आरामात गेली पाहिजे. पंपाशेजारचा नळीचा जोड पितळी हवा, कारण तिथे सर्वांत जास्त ताप येतो आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. टोकाला आटे फिरवून बसवायची तोटी असेल तर काढताना थोडी हवा निसटते, म्हणून एखादा पीएसआय जास्त भरा. पंप चालू असताना त्याचा काटा नळीतला दाब धरून जास्त दाखवतो. खरा आकडा पंप थांबवून, स्वतंत्र गेजवर (दाबमापकावर) बघायचा.

वापरताना इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आधी लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, मग काळा गाडीच्या उघड्या धातूला. पंप थेट वाळूवर ठेवू नका. त्याचा फोमचा फिल्टर बारीक धूळ पटकन शोषतो, मग हवा कमी आणि आवाज जास्त. रोज संध्याकाळी फिल्टर काढून झटका. ‘३० मिनिटं सलग’ हा आकडा माफक तापमानाचा असतो, चाळीस अंशांच्या उन्हात दोन चाकांनंतर विश्रांती द्या.

वाळूत १५ ते १८ पीएसआय ठेवतात. टायर लांबट पसरतो आणि वजन विभागलं जातं. त्याहून खाली गेलात आणि जोरात वळवलंत तर टायरची कड रिमवरून सुटते. लाटा पडलेल्या खडीच्या रस्त्यावर नेहमीपेक्षा पाचवा हिस्सा हवा कमी केली की हादरे आणि कापले जाण्याचा धोका दोन्ही घटतात. डांबरीवर येताच मात्र हवा भरायचीच. मऊ टायरच्या बाजू वेगात सारख्या दुमडतात, तापतात आणि फुटतात. हा कंटाळा फार महागात पडतो.

उंचीचं गणित बरेच जण विसरतात. बोलिव्हियातलं सालार दे उयुनीचं मिठाचं मैदान ३,६५६ मीटरवर आहे. तिथे हवा विरळ असल्यानं पंपाला जवळपास दीडपट वेळ लागतो. समुद्रसपाटीला भरलेला टायर तिथे, तापमान तेच असेल तर, सुमारे ५ पीएसआय जास्त दाखवतो, आणि तिथे भरलेला खाली उतरल्यावर तितकाच कमी. शिवाय मीठ चिमट्यांना खातं. गोड्या पाण्यानं पुसून कोरडे करूनच डब्यात ठेवा.

पंपासोबत पंक्चरचं किट नसेल तर अर्धं काम अडतं. खिळा गेला त्याच कोनात टोच्या घालून भोक साफ करायचं, चिकट वात सुईत मध्यावर ओवून दोन्ही टोकं दीड सेंटिमीटर बाहेर राहतील इतकी आत घुसवायची, सुई झटक्यात ओढायची आणि उरलेली वात थोडी राखून कापायची. हवा भरून साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर शेजारी दुसरी वात. हे फक्त जमिनीला टेकणाऱ्या जाड भागात चालतं. टायरची बाजू फाटली की वातीचा उपयोग नाही, तिथे पूर्ण मापाची स्टेपनीच हवी. रेसट्रॅकच्या वाटेला जाणाऱ्यांनी तात्पुरती बारीक स्टेपनी घेऊन निघूच नये.

किटमध्ये व्हॉल्व्हच्या चार-पाच जादा पिना आणि त्या फिरवायची चावी टाका. हवा सोडताना उडालेली पिन वाळूत सापडत नाही.