घरात पिस्तूल असावं की नसावं? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी

डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या मित्राच्या गल्लीत लागोपाठ दोन घरफोड्या झाल्या आणि त्याने पिस्तूल घ्यायचं मनावर घेतलं. घरात बायको, पंधरा वर्षांची मुलगी आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील. "घेऊ का रे?" असं त्याने विचारलं, आणि मी वाचायला लागलो. त्याच पेचात असलेल्यांसाठी हे लिहितोय.

आधी कायदा. तुम्ही एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल, तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून बंदूक जवळ बाळगणं हाच अमेरिकेत गुन्हा आहे; विषय तिथेच संपला. ग्रीन कार्ड असेल तर दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि टेक्साससारख्या राज्यात त्याच दिवशी पिस्तूल घरी आणता येतं. आपल्याकडे लायसनसाठी पोलीस चौकशीच्या चकरा मारताना विचार करायला आपोआप वेळ मिळतो. इथे तो मुद्दाम काढावा लागतो.

बंदूक घ्यावीशी वाटणाऱ्याची भीती खोटी नाही. २०१२ साली विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार झाला, २०१७ मध्ये कॅन्ससमधल्या ओलाथे इथे एका भारतीय इंजिनिअरला बारमध्ये गोळी घातली गेली. पोलीस यायला अर्धा तास लागेल अशा आडगावात घर असेल, तर दाराशी आलेल्या माणसासमोर आपणच असतो. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये मान्य केला आहे.

पण ती वेळेला किती उपयोगी पडते? १९९५ च्या क्लेक आणि गर्ट्झ या संशोधकांच्या फोनवरच्या पाहणीतून बंदुकीने वर्षाला २५ लाख वेळा बचाव होतो असा आकडा निघाला, आणि बंदुकीचे समर्थक आजही तोच सांगतात. सरकारी गुन्हेपीडित पाहणीतून मात्र साधारण ६०-७० हजार निघतात. पाचेक हजार लोकांना विचारून सगळ्या देशाचा हिशोब मांडला, की चुकीच्या थोड्याशा उत्तरांनीही आकडा फुगतो, म्हणून मला २५ लाख पटत नाहीत. ६० हजारही काही थोडे नाहीत, हे मान्य. पण २००७ ते २०११ च्या त्याच सरकारी माहितीत, गुन्हेगाराशी समोरासमोर गाठ पडलेल्यांपैकी एक टक्क्याहून कमी लोकांनी बंदूक वापरली होती. आणि बंदूक वापरणाऱ्यांना दुखापत होण्याचं प्रमाण इतर मार्गांनी बचाव करणाऱ्यांपेक्षा काही कमी नव्हतं.

घरफोडीचंही तसंच. २००३ ते २००७ या काळात घरात कुणीतरी असताना झालेल्या घरफोड्या साधारण २८ टक्के, आणि घरच्यांवर हिंसा झाली अशा ७ टक्के. म्हणजे आपण ज्या रात्रीसाठी पिस्तूल घेतो ती रात्र बहुतेक घरांत कधी येतच नाही. पिस्तूल मात्र बाकीच्या सगळ्या रात्री घरातच असतं. तीस वर्षं धरली तर जवळजवळ ११ हजार रात्री.

माझं मत बदललं ते या रात्रींमुळे. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त लोकांचा बारा वर्षं मागोवा घेतलेला स्टॅनफर्डचा अभ्यास २०२० मध्ये आला. पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण, पिस्तूल नसलेल्यांच्या आठपट, बायकांत पस्तीसपट. "मरायचंच ठरवलेली माणसं बंदूक विकत घेत असतील," ही शंका मलाही आली. काही जण घेतातच, खरेदीनंतरच्या पहिल्या दिवसांत धोका सर्वांत जास्त दिसतो. पण निम्म्याहून जास्त मृत्यू खरेदीला वर्ष उलटून गेल्यावर झाले होते, आणि दुसऱ्या मार्गांनी आत्महत्या या लोकांत जास्त नव्हत्या. मनातलं वादळ पुष्कळदा ओसरतं. औषधाच्या गोळ्या खाल्लेला माणूस बहुधा वाचतो. पिस्तुलाने केलेले दहापैकी आठ-नऊ प्रयत्न जीव घेतात.

२०२२ मध्ये त्याच गटाने मालकाऐवजी त्याच्यासोबत राहणाऱ्यांकडे पाहिलं. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचा धोका अशा घरात सातपट, आणि मेलेल्यांत बहुतेक बायका. मित्राच्या घरी असं काही नाही, हे मला ठाऊक आहे. तरी खरेदीचा निर्णय एकट्या नवऱ्याने घेऊ नये.

मग कुलपात ठेवलं तर? नक्कीच फरक पडतो. गोळ्या काढून, पिस्तूल आणि गोळ्या वेगवेगळ्या कुलपात ठेवलेल्या घरांत मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी आढळतात. पण इतकं बंदोबस्तात ठेवलेलं पिस्तूल मध्यरात्री झोपेतून उठून चटकन हातात येत नाही. आणि उशाशी भरून ठेवलेलं मुलीच्याही हाताला लागतं.

बंदूक नसलेल्या घरात डेडबोल्ट, हालचालीने लागणारे दिवे, अलार्म, भुंकणारा कुत्रा हेच. शस्त्र घेऊन कुणी आत शिरलाच, तर खोलीचं दार लावून ९११ ला फोन करण्यापलीकडे हातात फार काही नसतं. हे उणं आहेच, आणि ते मी मित्रापासून लपवलं नाही.

त्याला मी "नको" म्हटलं. घर आडगावात असतं, दोघंच मोठी माणसं असती, कुणाला नैराश्याचा त्रास नसता आणि नेमबाजीचा सराव नेमाने झाला असता, तर कदाचित अडवलं नसतं. आणखी एक सांगितलं: मुलगी ज्यांच्याकडे स्लीपओव्हरला जाते, त्यांना बंदूक आहे का आणि कुलपात असते का, हे विचार. त्याला अवघड वाटत होतं. गेल्या शनिवारी त्याच्या बायकोनेच फोन करून विचारलं. त्या घरी दोन होत्या.