ॲमेझॉनच्या क्लाउडचा मुंबई रीजन: लॉग ९० दिवसांचे, नियम १८० चा

"डाटा कोठे शे?" जळगाव-धुळ्याकडे ऑडिटला बसलं की पहिला प्रश्न हाच असतो. ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या, मुंबई रीजनवर (तिथल्या डेटासेंटरांच्या गटावर) काम असेल तर उत्तर सोपं आहे: मुंबईत. हा रीजन २०१६ पासून चालू आहे आणि आपण हलवल्याशिवाय त्यातला डेटा दुसऱ्या रीजनमध्ये जात नाही. काउंटरखाली ठेवलेला सर्व्हर भुसावळच्या मे महिन्यात कसा तापतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही सेवा चांगलीच वाटेल. पण ती जशी मिळते तशीच चालू ठेवली तर नियमात बसत नाही.

सगळ्यात मोठी खोट लॉगमध्ये, म्हणजे कोणी केव्हा काय केलं याच्या नोंदींमध्ये, आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. क्लाउडट्रेल या एडब्ल्यूएसच्या नोंदवहीच्या 'इव्हेंट हिस्टरी'त मात्र फक्त मागचे ९० दिवस दिसतात. जानेवारीत कोणी घुसलं आणि मेमध्ये लक्षात आलं, तर दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून खातं उघडल्याच्या दिवशीच सर्व रीजनचा एक ट्रेल (लॉग साठवत राहणारी जोडणी) तयार करून तो एस-थ्री या फाइल साठवण्याच्या सेवेतल्या बकेटमध्ये, म्हणजे कप्प्यात, सोडावा. मॅनेजमेंट इव्हेंटची, म्हणजे खात्याच्या कारभाराच्या नोंदींची, पहिली प्रत फुकट असते, पैसे पडतात ते साठवणुकीचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक डेटा संरक्षण नियमांत लॉग एक वर्ष ठेवायला सांगितलं आहे, त्यामुळे बकेटचा लाइफसायकल, म्हणजे फाइल आपोआप पुसण्याची मुदत, ४०० दिवसांचा लावलेला बरा.

ट्रेल लावूनही एक भोक राहतं. रुग्णाचा रिपोर्ट कोणी उघडून पाहिला, हे ट्रेलमध्ये आपोआप नोंदलं जात नाही. त्याला डेटा इव्हेंट म्हणतात. ते वेगळे चालू करावे लागतात आणि त्यांचे दर लाख नोंदींमागे लागतात. सगळ्या बकेटवर लावले तर बिल फुगतं. पॅथॉलॉजी लॅबने रिपोर्टच्या बकेटपुरते लावावेत, वेबसाइटच्या फोटोंवर नकोत. लॉग कोणी पुसू नये म्हणून ऑब्जेक्ट लॉक लावतात. तिथे 'कंप्लायन्स' मोड निवडताना आकडा दोनदा वाचा. ४०० दिवसांऐवजी ४००० टाकले तर रूट यूझरला, म्हणजे खात्याच्या मूळ मालकालाही, ते मागे घेता येत नाही. अख्खं खातं बंद करणं हाच मार्ग उरतो. छोट्या कंपनीला 'गव्हर्नन्स' मोड पुरतो.

आता रीजनची गोष्ट. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात डेटा देशाबाहेर नेण्यावर सरसकट बंदी नाही. सरकारने बंदी घातलेले देश तेवढे वगळायचे. पण कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्या सर्व्हरवर पडायला हवा. एमआयडीसीतली चटई किंवा पाइप बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी यात येते. भागीदारीतली सराफी पेढी येत नाही. डेव्हलपरने कन्सोलवरचा (एडब्ल्यूएसच्या कारभाराच्या पानावरचा) रीजन न बघता अमेरिकेतल्या व्हर्जिनियात डेटाबेस उभा केला की नियम मोडलाच. हे रोखायला ऑर्गनायझेशन्स या अनेक खाती एकत्र सांभाळणाऱ्या सेवेतली सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी वापरून मुंबई आणि हैदराबाद सोडून बाकी रीजन बंद करावेत. आयएएम (यूझर आणि परवानग्या), राउट ५३ (डोमेनचे पत्ते), क्लाउडफ्रंट (वेबसाइट वेगाने पोचवणारी सेवा) यांना त्यातून सूट द्यायला विसरू नका. ही मंडळी व्हर्जिनियातून चालतात, सूट नसेल तर यूझर बनवणंसुद्धा अडतं. आणि ही पॉलिसी मॅनेजमेंट खात्याला, म्हणजे बाकी खात्यांवरच्या मुख्य खात्याला, लागूच होत नाही. काम वेगळ्या मेंबर खात्यात ठेवलं नसेल तर सगळा खटाटोप वाया. हैदराबादमध्ये दुसरी प्रत ठेवायची असेल तर तो रीजन आधी खात्यात चालू करून घ्यावा लागतो.

एन्क्रिप्शनच्या, म्हणजे डेटा सांकेतिक रूपात ठेवण्याच्या, बाबतीत सेवा चोख आहे. जानेवारी २०२३ पासून एस-थ्रीमध्ये नवी फाइल आपोआप एन्क्रिप्ट होते, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नव्या बकेटला बाहेरून प्रवेश बंद असतो. आरडीएस या डेटाबेसच्या सेवेचं मात्र तसं नाही. डेटाबेस बनवताना एन्क्रिप्शनची खूण राहिली तर नंतर लावता येत नाही. स्नॅपशॉट (डेटाबेसची त्या क्षणाची प्रत) घ्या, त्याची एन्क्रिप्टेड प्रत काढा, त्यावरून नवा डेटाबेस उभा करा आणि ॲप्लिकेशन तिकडे वळवा. हे काम दुकान बंद असताना करायचं, सोमवारी सकाळी नाही.

ग्राहकाने "माझी माहिती काढून टाका" म्हटलं तर? व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या प्रती जपण्याची सोय) चालू असलेल्या बकेटमध्ये डिलीट केल्यावर फक्त 'डिलीट मार्कर' बसतो, जुन्या प्रती तशाच राहतात. त्यांना मुदत देणारा लाइफसायकल नियम लावावा. आरडीएसचे ऑटोमॅटिक बॅकअप जास्तीत जास्त ३५ दिवस राहतात, पण हाताने काढलेले स्नॅपशॉट आपण पुसेपर्यंत पडून असतात.

सुरक्षेची सर्टिफिकेटं आणि ऑडिट अहवाल एडब्ल्यूएसच्या आर्टिफॅक्ट या पानावरून फुकट उतरवता येतात: आयएसओ २७००१, २७०१८, सॉक २. ही ॲमेझॉनच्या डेटासेंटरची आहेत, तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरची नव्हेत. भिंतीवर फ्रेम करून लावणारे विक्रेते इकडे कमी नाहीत. सॉक २ च्या अहवालात ग्राहकाने स्वतः काय करायचं याचं प्रकरण असतं, ऑडिटरपुढे तेच उघडावं. डेटा संरक्षण कायद्याच्या भाषेत ॲमेझॉन प्रोसेसर (दुसऱ्याच्या वतीने डेटा हाताळणारा), तुम्ही फिड्युशिअरी (डेटा कशासाठी वापरायचा ते ठरवणारा). सुरक्षेत कसूर झाली तर २५० कोटींपर्यंतचा दंड फिड्युशिअरीला. मुख्य तरतुदी मे २०२७ मध्ये लागू होतील. तेव्हापासून डेटा फुटला तर डेटा संरक्षण मंडळाला लगेच कळवायचं आणि ७२ तासांत तपशील द्यायचा.

तुलना करायची तर मायक्रोसॉफ्ट अझूरचा पुण्यातला रीजन अंतराने जवळ आहे, पण त्याचा ॲक्टिव्हिटी लॉगही ९० दिवसांचाच. गूगल क्लाउड प्रशासकीय लॉग न सांगता ४०० दिवस ठेवतो, हे त्याचं खरं बलस्थान. डेटा कोणी वाचला याचे लॉग मात्र तिथेही बहुतेक सेवांसाठी बंदच असतात.

बिल रुपयांत येतं, जीएसटी १८ टक्के. जीएसटी क्रमांक खात्यात भरला नसेल तर इनपुट क्रेडिट मिळत नाही. आणि रूट खात्याचा ईमेल तपासाच. तो बहुतेक वेळा खातं उघडून देणाऱ्या मुलाचा असतो, आणि तो मुलगा केव्हाच पुण्याला गेलेला असतो. गैरवापराची सूचना त्याच पत्त्यावर जाते. रूटला एमएफए (पासवर्डखेरीज दुसरी ओळख) लावा, आणि 'अल्टरनेट कॉन्टॅक्ट'मध्ये सिक्युरिटीच्या रकान्यात दुकानातल्या दोघांना तरी वाचता येईल असा पत्ता भरा.