फिशर बुलेट पेन: खरं मोल रिफिलचं

भटकंतीत टिपणं काढताना दगा देतं ते बहुतेक वेळा पेन. साध्या बॉलपेनात शाई स्वतःच्या वजनाने खाली उतरते. पाठीवर पडून वही डोळ्यांसमोर धरली, किंवा खडकाला टेकवून उभ्या पानावर लिहायला घेतलं, की काही ओळींतच शाई टोकाकडे येईनाशी होते आणि अक्षरांऐवजी नुसते चरे उमटतात. कडाक्याच्या थंडीत शाई घट्ट होऊनही तेच होतं. फाउंटन पेनाचं दुखणं वेगळं. विमानात किंवा उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब उतरला की टाकीतली हवा फुगते आणि शाई टोपणात सांडते.

फिशर या अमेरिकी कंपनीच्या रिफिलने या दोन्हींवर तोडगा काढला आहे. धातूच्या बंद नळीत शाईच्या मागे दाबाखालचा नायट्रोजन भरलेला असतो आणि तोच शाईला टोकाकडे ढकलतो. मग पेन उलटं धरलं तरी बिघडत नाही. एवढ्या दाबाने शाई गळायला हवी, पण ती मुद्दामच अशी बनवली आहे की स्थिर असताना घट्ट राहते आणि टंगस्टन कार्बाइडची गोळी फिरली की त्या घर्षणाने पातळ होते. उणे ३५ पासून सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत रिफिल चालते, असं कंपनी सांगते. कंपनीचे संस्थापक पॉल फिशर यांनी १९६० च्या दशकात ती स्वतःच्या पैशाने घडवली आणि १९६८ मध्ये ती नासाच्या अपोलो ७ यानाबरोबर अवकाशात गेली. अवकाशात चालणारं पेन बनवायला नासाने कोट्यवधी उधळले ही गोष्ट आजही ऐकवली जाते, ती साफ खोटी आहे.

बुलेट हे हीच रिफिल घातलेलं फिशरचं छोटं पेन, बांधणी पितळेची. मिटलेलं पेन साडेनऊ सेंटिमीटरच्या आसपास भरतं, म्हणजे पँटच्या खिशात आडवंसुद्धा मावतं. टोपण मागे चढवलं की लांबी साडेतेरा सेंटिमीटर होते आणि हातात नेहमीच्या पेनासारखं बसतं. टोपण न चढवता लिहू नये, पेन फारच आखूड पडतं आणि बोटं लवकर दुखतात. चकचकीत क्रोमचं पेन ओल्या हातातून निसटतं, त्यामुळे बाहेर वापरायचं तर मॅट काळं बरं. त्याचा रंग कडांना झिजतो आणि आतलं पितळ दिसू लागतं, पण पकड चांगली मिळते. साध्या बुलेटला क्लिप नसते. उतारावर ठेवलं की घरंगळलंच म्हणून समजा. क्लिप वेगळी मिळते, ती पेनाबरोबरच घ्यावी.

लिहिण्याच्या सुखात मात्र हे पेन जेल पेनाच्या मागे आहे. ओळ थोडी फिकी येते आणि हाताला किंचित ओढ जाणवते. टोकाशी शाईचे बारीक गोळे साचतात. ‘ळ’ किंवा ‘क्ष’सारख्या वळणावर ते नेमके कागदावर उतरतात आणि तळहाताखाली फासले जातात. दाबामुळे शाई थोडी जास्तच येते, त्याचा हा परिणाम. लिहायला बसण्याआधी टोक रुमालाला पुसावं आणि पानाच्या कोपऱ्यात दोन रेघा ओढाव्यात.

ओल्या कागदाबद्दल गैरसमज नको. पेन लिहील, पण साधा कागद भिजला की टोकाखाली फाटतोच. पावसात लिहायचं तर वहीही जलरोधक लेप दिलेल्या कागदाची हवी. त्यावर जेल किंवा फाउंटन पेनाची शाई मुरत नाही, थेंब होऊन वर राहते. फिशरची शाई धरते, फक्त सुकायला वेळ घेते.

आणखी एक अडचण: नळी धातूची असल्याने शाई किती उरली ते कळत नाही. लांबच्या प्रवासाला निघताना जादा रिफिल सोबत असू द्या.

रिफिलबरोबर प्लास्टिकचा छोटा तुकडा येतो. तो मागच्या टोकाला बसवला की हीच रिफिल पार्कर पद्धतीच्या पेनात चालते. बुलेटमध्ये घालताना तो लावायचा नाही. हाताशी असं पेन असेल तर फक्त रिफिल घ्या, मुख्य गुण तिच्यातच आहे. बुलेट घ्यावं ते आटोपशीर आकारासाठी आणि मजबुतीसाठी. टोक शक्यतो मीडियम निवडा. फाइन खरखरतं, आणि बोल्डमध्ये लहान अक्षरांच्या गाठी शाईने भरून जातात.