वजनही गेलं, वेगही गेला: धावपटूंसाठीच्या पेलिओ प्लॅनचे माझे बारा आठवडे

पाचपैकी दोन तारे. खरं तर दीड द्यायचा होता, पण अर्ध्या ताऱ्याची सोय नाही. शिवाय पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं होतं, त्याचा मान ठेवून दोन.

सेवेचं नाव लिहीत नाही. याच साच्यातले प्लॅन आता पुष्कळ आहेत आणि माझी तक्रार सगळ्यांनाच कमीजास्त लागू पडेल. साचा असा: बारा आठवडे, एक अॅप, दर सोमवारी वजनाची नोंद, आठवड्याला वीस मिनिटांचा कॉल, पाककृतींची एक पीडीएफ आणि जाहिरातीत डोंगरउतारावरून धावणारी एक सडपातळ बाई. वर मोठ्या अक्षरांत ‘खास लांब पल्ल्याच्या खेळाडूंसाठी’. मी पैसे मोजले ते या शेवटच्या ओळीसाठी, आणि माझं भांडणही तिच्याशीच आहे.

माझं वय ४१. चौदा वर्षं धावतेय, नऊ मॅरेथॉन झाल्या, त्यातली सगळ्यात चांगली ३ तास ५२ मिनिटांची. गुडघ्याच्या दुखण्यात सात महिने घरी बसले तेव्हा ५९ वरून ६३ किलोवर गेले. ज्यांनी लांब पल्ला धावलाय त्यांना वेगळं सांगायला नको: सपाट रस्त्यावर धावताना ढोबळमानाने दर किलोमीटरला, शरीराच्या दर किलोमागे एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ४२ किलोमीटर मी चार किलोची पिशवी फुकट वाहणार होते. शर्यतीला चौदा आठवडे होते. घाई होती, आणि घाईत माणूस पीडीएफ विकत घेतो.

पेलिओचं तत्त्व सगळ्यांना साधारण माहीत आहे. शेतीच्या आधीचा माणूस जे खायचा ते खा: मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कठीण कवचाची फळं. धान्य नाही, डाळी-कडधान्यं नाहीत, दूध नाही, साखर नाही, वरून मीठ नाही. शेंगदाणा हे कडधान्याचं भावंड, म्हणून पीनट बटर बाद, पण बदामाचं बटर चालतं. पहिल्याच दिवशी मी स्वयंपाकघरातली दोन कपाटं रिकामी केली आणि फार पुण्य केल्यासारखं वाटलं. नवरा नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “आज अंड्यांचं काय केलंय?” ‘काही केलंय का’ असं विचारलं नाही, हे लक्षात घ्या.

पहिल्या आठवड्यात २.१ किलो उतरलं! अॅपमध्ये कागदाचे रंगीत तुकडे उधळले गेले, अभिनंदनाचा संदेश आला. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. पण हे मुळात काय असतं ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा राखीव साठा, साठवलेलं असतं, आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कर्बोदकं एकदम तोडली की हा साठा उपसला जातो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. काट्यावर दोन किलो कमी दिसतात, चरबी मात्र जवळजवळ आहे तिथेच. बैठ्या माणसाला याने काही बिघडत नाही, तो आनंदाने पुढच्या आठवड्याकडे जाईल. माझ्यासाठी तो साठा म्हणजे टाकीतलं पेट्रोल होतं. टाकी रिकामी करून ‘बघा, गाडी हलकी झाली’ म्हणण्यातला प्रकार.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जे व्हायचं ते झालं. माझा सावकाश धावण्याचा वेग किलोमीटरला ६ मिनिटं १५ सेकंदांच्या आसपास असतो आणि तेव्हा हृदयाचे ठोके मिनिटाला १४० ते १४२. तिसऱ्या आठवड्यात त्याच रस्त्यावर, त्याच पहाटेच्या गारव्यात ६:४० चालले होते आणि ठोके १४९. चढावर पायांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. कॉलवर विचारलं तर उत्तर मिळालं, “तीन आठवडे द्या मॅडम, शरीर चरबीवर धावायला शिकेल.”

शरीर तसं शिकतं हे खरं आहे. प्रश्न असा की शिकून वेगाचं काय होतं? ऑस्ट्रेलियात लुईस बर्क आणि सहकाऱ्यांनी जागतिक दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीच्या खेळाडूंवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेला आहार पेलिओपेक्षा कडक होता, कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. तीन आठवड्यांत त्या गटाची चरबी जाळण्याची क्षमता भरपूर वाढली. पण तोच वेग राखायला ऑक्सिजन जास्त लागू लागला, आणि १० किलोमीटरच्या शर्यतीत कर्बोदकं खाणारे सुधारले तेव्हा हे सुधारले नाहीत. मी हे आमच्या बाईंना पाठवलं. त्यावर अंगठ्याचं चित्र आलं.

आता सव्विसावा दिवस. याचं वर्णन मी जरा सावकाश करणार आहे, कारण माझे पैसे त्या दिवशी वसूल झाले, फक्त वेगळ्या अर्थाने.

२८ किलोमीटरचं लांब धावणं होतं. सकाळी प्लॅनप्रमाणे दोन अंडी, अर्धं अॅव्होकॅडो, मूठभर बेरी. सोबत खजूर न्यायचे का, असं आदल्या दिवशी विचारलं होतं, तर ‘दिवसाला दोन चालतील’ असं उत्तर होतं. दोन खजूर! जास्तीत जास्त पस्तीसेक ग्रॅम कर्बोदकं, तीन तासांना. एक ते अडीच तास चालणाऱ्या व्यायामातही तासाला ३० ते ६० ग्रॅम घ्या असं क्रीडा-आहाराचे सगळे जाणकार सांगतात. एकोणीस किलोमीटरपर्यंत ठीक होते. बावीसला मैत्रीण काहीतरी बोलत होती आणि मला शब्द ऐकू येत होते पण वाक्य जुळत नव्हतं. चोविसाव्याला मी रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले आणि, सांगायला लाज वाटते, रडायला लागले. कशाचं ते माहीत नाही. मैत्रिणीने काही न विचारता स्वतःच्या पट्ट्यातलं जेल, म्हणजे धावताना खायचं साखरेचं पाकीट, फोडून माझ्या हातात दिलं. दहा मिनिटांत जग परत जागेवर आलं, मग आम्ही चालत घरी गेलो.

प्रामाणिकपणे मी ते जेल अॅपमध्ये नोंदवलं. पडदा लाल झाला. ‘आज तुमची २५ दिवसांची साखळी तुटली. उद्या नव्याने सुरुवात करा!’

त्या संध्याकाळी मी वही-पेन घेऊन बसले. ‘कॅलरी मोजायची गरज नाही’ हे प्लॅनचं घोषवाक्य होतं, म्हणून तोवर मोजल्याच नव्हत्या. आठवडाभर खाल्लेलं सगळं वजन करून मांडलं. दिवसाला सरासरी १६५० किलोकॅलरी आणि ११५ ग्रॅम कर्बोदकं निघाली. म्हणजे दर किलो वजनामागे दोन ग्रॅमही नाहीत. रोज तासाभराचा मध्यम व्यायाम करणाऱ्याला ५ ते ७ ग्रॅम लागतात असं धरतात. मला खालच्या टोकाला धरलं तरी ३१० ग्रॅमच्या आसपास हवी होती. आता ती प्लॅनमधल्या यादीतूनच आणायची म्हटलं तर? बटाटा त्यांच्या यादीत बाद, रताळं चालतं. शंभर ग्रॅम रताळ्यात साधारण वीस ग्रॅम कर्बोदकं. हिशेब करा: रोज दीड किलो रताळी. एवढी खाऊन पहाटे पाचला धावायला निघालेल्या बाईच्या पोटाची अवस्था काय होईल, हे मी वाचकांच्या अनुभवावर सोडते.

आणि खरी चिडचिड इथेच आहे. हा प्रश्न पेलिओवाल्यांना स्वतःला केव्हाच पडलेला आहे. लॉरेन कॉर्डेन, ज्यांनी हा आहार लोकांपर्यंत नेला, त्यांनी सहनशक्तीच्या खेळांचे प्रशिक्षक जो फ्रील यांच्यासोबत २००५ मध्ये खास खेळाडूंसाठी वेगळं पुस्तक काढलं. त्यात चक्क मोकळीक आहे: लांब व्यायामाच्या आधी, दरम्यान आणि लगेच नंतर स्टार्च आणि साखर घ्या, पेयं-जेल घ्या, आणि दिवसाच्या उरलेल्या वेळात पेलिओकडे परत जा. म्हणजे मूळ मंडळींनी अट सैल केली आणि माझ्याकडून पैसे घेणाऱ्यांनी ती परत आवळली. त्यांनी बैठ्या लोकांचा प्लॅन उचलला आणि मुखपृष्ठावर धावणारी बाई चिकटवली, एवढंच काय ते ‘खास’.

मिठाचंही तेच. धावून आल्यावर माझ्या टोपीवर पांढऱ्या रेघा उमटतात. घामातून सोडियम किती जातं हे माणसागणिक बदलतं, पण लिटरला ग्रॅमभर जाणं काही विशेष नाही. अशा माणसाला ‘वरून मीठ नको’ सांगायचं आणि मग दुपारच्या डोकेदुखीला ‘साखर सुटल्याची लक्षणं’ म्हणायचं! चिमूटभर मीठ पाण्यात टाकून प्यायले, डोकेदुखी थांबली. हे अॅपमध्ये नोंदवलं नाही. लाल पडदा बघायची हौस फिटली होती.

सहाव्या आठवड्यात पाळी लांबली. माझी कधी दोन दिवस इकडे-तिकडे होत नाही, ती एकोणीस दिवस उलटले तरी आली नव्हती. पहाटे तीनला जाग यायची आणि उपाशी वाटायचं. संदेश पाठवला, तीन दिवसांनी उत्तर आलं: शरीर डिटॉक्स होतंय, धीर धरा. इथे मी धीर सोडला आणि डॉक्टरकडे गेले. त्यांनी फार बोलणं केलं नाही, कागदावर एक वजाबाकी केली. खाल्लेल्या ऊर्जेतून व्यायामाची ऊर्जा वजा करायची. उरलं त्यावर हृदय, हाडं, हार्मोन सगळ्यांनी दिवस काढायचा. चरबी सोडून शरीराचं जे वजन असतं त्याच्या दर किलोमागे ३० किलोकॅलरींच्या खाली हे फार दिवस राहिलं तर गडबड सुरू होते. माझ्यासाठी तो आकडा १४०० च्या जवळपास. लांब धावण्याच्या दिवशी मी खाल्लं होतं १६५०, धावून खर्चले होते जवळजवळ १५००. उरले दीडशे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला नाव दिलं, ‘खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता’, आणि ती पुरुषांनाही होते, त्यांना फक्त पाळीसारखी घंटा नसते. दूध बंद, पाळी बंद आणि आठवड्याला ६५ किलोमीटर: हाडांसाठी याहून वाईट त्रिकूट शोधून सापडणार नाही, असंही डॉक्टर म्हणाल्या.

सातव्या आठवड्यापासून मी प्लॅन मोडला, पण पूर्ण फेकला नाही. कारण दोन तारे काही निव्वळ उपकारापोटी दिलेले नाहीत. प्रत्येक जेवणात नीट प्रथिनं घ्यायची सवय मला इथेच लागली. त्याआधी माझ्या नाश्त्यात ती नावालाच असायची. ताटात भाज्या दुप्पट झाल्या. आणि ‘आज अठरा धावले, म्हणजे बिस्किटांचा पुडा माझाच’ हा जो धावणाऱ्यांचा लाडका हिशेब असतो, तो सुटला. पेलिओने वजन उतरतं ते बहुतेक या रस्त्याने. बंदीच्या यादीत जिभेला सुटणारे बहुतेक पदार्थ एकदमच येतात, आणि प्रथिनं-भाज्यांनी पोट भरलेलं राहतं, मग खाणं आपोआप कमी होतं. त्यात अश्मयुगाचा काही हात नाही. तसंही अश्मयुगातली मंडळी एवढी सोवळी नव्हती: इटली, रशिया आणि चेक प्रजासत्ताकात सापडलेल्या सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या दळण्याच्या दगडांवर वनस्पतींच्या स्टार्चचे कण मिळाले आहेत, आणि जॉर्डनमध्ये शेतीच्या चार हजार वर्षं आधीच्या भाजलेल्या ब्रेडचे तुकडे. मी हे कॉलवर सांगणार होते, पण तोवर कॉलवर बाईंच्या जागी दुसराच मुलगा यायला लागला होता आणि तो माझं नाव चुकीचं घ्यायचा.

माझी तडजोड साधी होती. धावण्याआधी केळं आणि ओट्स, दीड तासाच्या पुढे जेल, परतल्यावर बटाटे आणि दही, विश्रांतीच्या दिवशी जवळजवळ पेलिओ. तूट ठेवलीच तर दिवसाला दोन-अडीचशे किलोकॅलरींची, आणि तीही लांब धावण्याच्या दिवशी नाही. पहिल्या आठवड्याभरात वजन दीड किलो वर गेलं. अॅपने दुःख व्यक्त केलं. पण पाणी परत आलं होतं एवढंच, आणि त्याच्याबरोबर ६:१५ परत आले. बाराव्या आठवड्याला ६०.६ किलो. पाळी दहाव्या आठवड्यात आली. शर्यत ३ तास ५४ मिनिटांत संपली. दोन मिनिटं हुकली, ती मी त्या वाया गेलेल्या सहा आठवड्यांच्या नावावर टाकते. डॉक्टर म्हणतात चाळिशीच्या नावावर टाका.

घ्यायचा का? शर्यतीला पाच-सहा महिने असतील, धावणं आठवड्याला पंचवीस-तीस किलोमीटरवर असेल, पाककृती हव्या असतील, तर घ्या, काही बिघडणार नाही. मॅरेथॉनची तयारी भरात असेल, तर हात लावू नका. वयात येणारी मुलगी असेल किंवा आधी कधी खाण्याशी भांडण झालेलं असेल, तर त्या लाल पडद्यापासून दहा हात लांबच राहा.

पैसे परत मिळाले नाहीत. सदस्यत्व बंद करताना कारण विचारणारा एक फॉर्म येतो: ‘ध्येय गाठलं’, ‘वेळ मिळत नाही’, ‘इतर’. मी ‘इतर’ निवडलं. खाली चौकट उघडली, वीस अक्षरांची मर्यादा होती. त्यात मी ‘दीड किलो रताळी’ लिहिलं आणि पाठवून दिलं.