जुन्या डी-४ डोझरवर डायनामोऐवजी अल्टरनेटर : हंगामभराचा अनुभव आणि एका बल्बचा वैताग

आमच्या डोझरवर बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्या जागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर बसवला. तो उत्तम चालतोय, हे आधीच सांगून टाकतो. तरीही एवढं लांबलचक लिहायला बसलो ते तीन वॅटच्या एका बल्बमुळे. त्या बल्बपायी तालुक्याच्या इलेक्ट्रिशियनने मला दुसरा नवा अल्टरनेटर घ्यायला लावलाच होता. ‘आतून गेलाय, डायोड उडालेत, उघडून उपयोग नाही,’ हे निदान त्याने मशीन न बघता फोनवरच केलं. त्याबद्दल पुढे येईलच.

मशीन कॅटरपिलर डी-४, ७यू सिरीज. ही सिरीज १९४७ ते १९५९ एवढीच निघाली, त्यामुळे आमचं मशीन वयाने माझ्यापेक्षा मोठं आहे. त्या काळी आपल्याकडे कॅटरपिलरची एजन्सी लार्सन अँड टुब्रोकडे होती. महायुद्धानंतर लष्कराची उरलेली यंत्रं स्वस्तात निघाली, ती घ्यायला भागीदारांचं भांडवल पुरेना, म्हणून १९४६ साली त्यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. जुनी मशीन स्वस्तात घ्यायचा मोह भल्याभल्यांना सुटत नाही, तर आमची काय कथा. आम्ही हे सपाटीकरणाला आणि ताली टाकायला वापरतो. ऑपरेटर तात्या. ते माझ्या वडिलांच्या वेळेपासून याच सीटवर आहेत.

ज्यांच्याकडे हे मशीन आहे त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: याला बॅटरी लागते कशाला? बरोबर आहे. पेट्रोलवरचं छोटं पोनी इंजिन मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रावर) चालतं, हाताने फिरवून चालू करता येतं, ते मोठ्या डिझेलला फिरवतं. बॅटरी नसली तरी काम अडत नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक, तात्यांचा खांदा. साठी उलटलेल्या माणसाला रोज पहाटे हँडल मारायला लावणं मला पटत नाही, म्हणून पोनीला सेल्फ आहे. दुसरी, रात्रपाळी. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस डिग्रीत दुपारी कोणी पत्र्याखाली बसत नाही, आणि नेमकं तेव्हाच ऊस तुटून रानं मोकळी असतात. त्यामुळे खरं काम संध्याकाळी सातनंतर.

चार हॅलोजन, प्रत्येकी ५५ वॅट. म्हणजे २२० वॅट, बारा व्होल्टला अठरा अँपियर. डायनामो धडधाकट असताना कसाबसा तेवढं देत असेल. आमचा म्हातारा झालेला. शिवाय तो मूळचाही नव्हता. आधीच्या मालकाने कुठल्यातरी विलायती लॉरीचा बसवला होता, त्यामुळे बॅटरीचा प्लस मशीनच्या बॉडीला. चौदाशेच्या पुऱ्या आरपीएमवर अँमीटरचा काटा शून्याच्या जरा पुढे, आणि तात्यांनी थ्रॉटल कमी करून बांधाकडे बघत उभं केलं की काटा मायनसमध्ये. मध्यरात्रीनंतर दिवे पिवळे. तात्यांच्या खिशात बारीक पॉलिश पेपर कायम असायचा. डायनामोचा कॉम्युटेटर (ज्यावर कार्बन टेकतात ते तांब्याचं फिरतं कडं) घासला की आणखी दोन-चार रात्री निघायच्या.

आर्मेचर (डायनामोच्या आतली फिरती गुंडाळी) रिवाइंडिंगचा भाव साडेतीन हजार सांगितला, वर ‘कटआउट मिळेल तेव्हा मिळेल.’ कटआउट म्हणजे बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा खटका. नवा अल्टरनेटर, आपल्याकडच्या ट्रॅक्टरवर येतो तोच, आतच रेग्युलेटर (व्होल्टेज आवाक्यात ठेवणारा भाग) असलेला, अठ्ठेचाळीसशेला मिळाला. ब्रॅकेट, लेथचं काम, वायर, व्होल्टमीटर धरून एकूण साडेसात हजारांच्या आत. तात्यांचं मत विरोधात होतं. ‘डायनामो रानात उघडून नीट करता येतो. ह्याच्या आत काय हाय ते बघायला तुमाला तालुक्याला जावं लागंल.’

बसवताना तीन ठिकाणी डोकं लावावं लागतं. पहिलं पोलॅरिटी, म्हणजे बॅटरीची कोणती बाजू बॉडीला. अल्टरनेटर मायनस बॉडीलाच घेतो. बॅटरी उलटी लागली तर आतले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तिथल्या तिथे संपतात. सेल्फला फरक पडत नाही, तो कसाही त्याच दिशेने फिरतो. मॅग्नेटोचा तर बॅटरीशी संबंधच नाही. बॅटरीवर लाल रंगाने मोठं लिहून ठेवलंय, कारण अडीअडचणीला बॅटरी जोडणारा माणूस दरवेळी वेगळा असतो.

दुसरं पुली. डायनामोची पुली साडेचार इंची होती. क्रँक पुली सात इंची, म्हणजे आयडलला (इंजिन मंद चालताना) डायनामो जेमतेम साडेआठशेने फिरायचा आणि चार्जिंगच घ्यायचा नाही. अल्टरनेटरला लेथवर पावणेतीन इंची पुली करून घेतली, पट्टा जुनाच बी सेक्शनचा बसेल अशी. आता आयडलला चौदाशेच्या आसपास, पुऱ्या थ्रॉटलला साडेतीन हजार. अल्टरनेटरला हे काहीच नाही. त्याच्या कार्बनमधून फक्त फील्डचा (चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीचा) दोन-तीन अँपियर करंट जातो, तोही गुळगुळीत स्लिप रिंगवर. डायनामोत मात्र सगळाच्या सगळा करंट कार्बन आणि कॉम्युटेटरमधून. पॉलिश पेपर लागायचा तो त्यामुळे.

तिसरं वायर. जुनी वायर बारीक होती, ती ठेवली असती तर वितळली असती. दहा स्क्वेअर एमएमची टाकली. जुना अँमीटर वीसपर्यंतच मोजणारा, तो काढून व्होल्टमीटर लावला. बंद मशीनवर १२.६, चालू झालं की १४.२. यापलीकडे तात्यांना काही बघावं लागत नाही.

उन्हाळाभर मी खूष होतो. दिवे पहाटेपर्यंत पांढरे, सेल्फ एका दमात. आयडलला चारही हॅलोजनचा पुरा भार पेलत नाही, पण दोन आरामात ओढतो. ब्रॅकेट मात्र दोन महिन्यांत तडकला. आठ एमएमची प्लेट होती, पण चेनच्या मशीनची थरथर वेगळीच. अल्टरनेटरच्या मागच्या कानाला इंजिनपर्यंत एक जादा टेकू दिल्यावर प्रश्न मिटला. इथवरचं मी मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं, आणि तेव्हाचं माझं मत ‘डोळे झाकून घ्या’ असं होतं.

त्यानंतर एलईडी दिवे बसवले. चारांचे मिळून सत्तर-बहात्तर वॅट, म्हणजे सहा अँपियर. उजेड हॅलोजनपेक्षा जास्त. आता सरळ हिशोब असा की सहा अँपियर तर तो रडका डायनामोही ओढत होता. त्यामुळे आज कोणी विचारलं तर सांगेन की आधी दिवे बदला, एक महिना चालवा, मग डायनामोचं काय ते ठरवा. ज्याचा डायनामो ठीक आहे आणि रात्रपाळी नाही, त्याने साडेसात हजारांना हात लावू नये. माझ्या बाबतीत आर्मेचरच संपलं होतं, म्हणून खर्चाचं वाईट वाटत नाही. जरा वाटतं.

आता बल्ब.

या अल्टरनेटरला स्वतःहून जागं होता येत नाही. सुरुवातीला रोटरमध्ये, म्हणजे ती फील्डची गुंडाळी असलेल्या फिरत्या भागात, थोडा करंट बाहेरून जावा लागतो, तो जातो चार्जिंगच्या लाल बल्बमधून. बॅटरी, खटका, बल्ब, मग अल्टरनेटरचं छोटं टर्मिनल. एकदा जनरेशन सुरू झालं की दोन्ही बाजूंना सारखा व्होल्टेज येतो, बल्ब विझतो. म्हणजे दिसायला इंडिकेटर असला तरी हा बल्ब चार्जिंगच्या सर्किटचाच भाग आहे. दुकानदाराने हे सांगितलं नाही, बॉक्सवर लिहिलेलं नाही, इलेक्ट्रिशियनला माहीत होतं की नव्हतं देव जाणे.

कार-ट्रॅक्टरला चावी असते, चावी बंद केली की बल्बचा करंट बंद. डी-४ ला चावीच नाही. डिझेल तोडलं की इंजिन बंद. म्हणून इलेक्ट्रिशियनने पत्र्यावर एक खटका लावून दिला. पावसाळ्यात मशीन शेडमध्ये उभं, खटका कोणीतरी चालू ठेवलेला. तीन वॅटचा बल्ब दिवसाला सहा अँपियर-तास खातो. ऐंशीची बॅटरी पंधरवड्यात सपाट. दिवाळीनंतर पुन्हा काम सुरू केलं तर थरथरीने बल्बची तार तुटली. गॅरेजच्या पोराने कौतुकाने त्या जागी एलईडी इंडिकेटर बसवला, ‘हा कधीच जाणार नाही’ म्हणून. एलईडीतून करंट जातो नावालाच, रोटर जागा होणार कशाने? तेव्हापासून खेळ सुरू. कधी पुरा थ्रॉटल दिला की रोटरमधल्या उरल्यासुरल्या चुंबकत्वावर चार्जिंग सुरू व्हायचं, कधी रात्रभर नाही. याच काळात ते फोनवरचं निदान झालं.

सोडवलं ते गल्लीतल्या माजी सैनिकाने. ईएमईमधून, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेतून, निवृत्त, आयुष्यभर लष्कराच्या गाड्या केलेल्या. मशीन चालू ठेवून त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेलं. फील्ड जिवंत असेल तर रोटर लोहचुंबक होतो आणि स्क्रूड्रायव्हर खेचला जातो. अजिबात खेचला नाही. मग बॅटरीच्या प्लसपासून एक साधा बल्ब मध्ये घेऊन छोट्या टर्मिनलला क्षणभर टेकवला. स्क्रूड्रायव्हर टच्कन चिकटला, व्होल्टमीटर १४.२. तात्या म्हणाले, ‘मंजी एवढंच?’ हो, एवढंच. दुसऱ्या अल्टरनेटरचे पैसे वाचले. या परीक्षेला खर्च शून्य आहे, ज्याच्याकडे अल्टरनेटर आहे त्याने आजच करून बघावी.

कायमचा इलाज दोन भागांत केला. बल्बच्या जोडीला, समांतर, ४७ ओहम दहा वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर. किंमत बारा रुपये. आता बल्ब गेला तरी करंट रेझिस्टरमधून जातो. आणि खटका काढून ऑइल प्रेशरचा स्विच. इथे नीट ऐका: डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा लावणारा नेहमीचा स्विच चालत नाही. तो प्रेशर आलं की सर्किट तोडतो. आपल्याला उलटा हवा, प्रेशर आलं की जोडणारा, दोन टर्मिनलचा. दुकानात तीनदा समजावून सांगावं लागलं, शेवटी अडीचशेला मिळाला. आता इंजिन चालू झालं, ऑइल चढलं, की अल्टरनेटरला आपोआप करंट. इंजिन बंद, करंट बंद. विसरायला काही उरलंच नाही.

काही जण म्हणतील, एका वायरचा, बल्ब न लागणारा अल्टरनेटर घ्यायचा. तो जागा व्हायला दरवेळी एकदा चांगली रेस द्यावी लागते. थंड, जुन्या डिझेलला उठल्या उठल्या रेस देणाऱ्याने तात्यांसमोर उभं राहून दाखवावं.

काळ्या रानातली धूळ आत जाते, पंधरा दिवसांनी टायरच्या दुकानातली हवा मारून घेतो, फार काही नाही. वेल्डिंगचं मात्र पथ्य पाळावं लागतं. ब्लेडची धार, ट्रॅकची प्लेट, काही ना काही दर महिन्याला निघतंच. डायनामोच्या काळात वेल्डर यायचा, अर्थ चिमटा कुठेही लावायचा, काम करून जायचा. आता आधी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि अल्टरनेटरची जाड वायर काढायची, अर्थ चिमटा कामाच्या अगदी शेजारी, मगच आर्क. तसंच चालू मशीनवरून बॅटरी काढून दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला द्यायची गावची सवयही बंद. बॅटरी निघाली की व्होल्टेज उसळतो आणि डायोड, रेग्युलेटर दोन्ही जातात. शेजारच्या रानातल्या पाहुण्यांना हे सांगितलं तर ते रुसले. वेल्डर रुसला नाही. वायर काढायचं-जोडायचं काम तो आता स्वतःच करतो आणि बिलात त्याचे पन्नास रुपये जादा लावतो.